संघाच्या ऑफिसला झेरॉक्स मशीन घेताना

गेल्या महिन्यात दोन ग्रामसंघांकडून एकच प्रश्न आला. ‘आमच्या ऑफिसला झेरॉक्स मशीन घ्यायचंय, पैसे थोडे आहेत, कोणतं घेऊ?’ एका ताईंनी तर पुढं लिहिलंय, ‘कंपनीचं नाव सांगा म्हणजे झालं.’ कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही. मॉडेलं वर्षाला बदलतात, आणि जे आमच्या गावात चाललं ते तुमच्याकडं चालेलच असं नाही. पण निवडायचं कसं ते सांगता येईल, कारण ते आम्ही चुकून शिकलो. चूक अडतीस हजारांची होती, आणि पैसा सगळ्या बायांचा होता. म्हणून आधी तीच सांगतो.

२०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या प्रभागसंघाला ऑफिससाठी खोली मिळाली. टेबल आलं, कपाट आलं. झेरॉक्स मात्र नऊ किलोमीटरवरच्या बाजारगावात. बँकेच्या कर्जाची फाईल करायची म्हणजे काय लागतं ते तुम्हाला माहीतच आहे. दहा जणींचा गट. प्रत्येकीचं आधार, पॅन, पासबुक, रेशनकार्डाची दोन पानं, असे पाच कागद. दोन सेट धरले तर एका गटाचे शंभर कागद, आणि वर ठराव, नियमावली, वहीची पानं मिळून वीस-पंचवीस. दोन रुपयाच्या झेरॉक्ससाठी एसटीला जाऊन-येऊन तीस रुपये, आणि रोजगार बुडतो तो वेगळाच. तेव्हा बायांना अर्धं तिकीटही नव्हतं, ते २०२३ च्या मार्चपासून सुरू झालं.

मग ठरलं, मशीन घ्यायचं. कुणाच्या तरी ओळखीनं एक मोठं जुनं मशीन मिळालं, दुकानात असतं तसं. ‘परदेशातून आलेलं आहे, लाखाचं मशीन अडतीस हजारात’ असं विकणाऱ्यानं सांगितलं. आम्ही हुरळलो. मोठं मशीन म्हणजे टिकाऊ मशीन असं आमच्या डोक्यात होतं, जात्यासारखं. टेम्पोतून आलं, चार गड्यांनी उतरवलं, नारळ फोडला. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात प्रत्येक कागदावर उभी काळी रेघ यायला लागली. मेकॅनिक जिल्ह्याच्या गावाहून यायचा, येण्याचेच सातशे रुपये. तीनदा आला. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर लावलं तर इन्व्हर्टरनंच कुई-कुई करून मान टाकली. मार्चअखेरीला, ऐन फायलींच्या धांदलीत, मशीन बंद पडलं ते पडलंच. ‘ड्रम गेलाय, तापणारा रोळ गेलाय, साडेनऊ हजार लागतील’ असं मेकॅनिक म्हणाला. त्या आठवड्यात एका गटाची फाईल बँकेत वेळेत पोचली नाही. त्यातल्या एका आक्कांना शेळ्या घ्यायच्या होत्या, बाजारात बोलणी झालेली होती. ती बोलणी मोडली.

नंतर आम्ही हिशेब केला. चार महिन्यांत त्या मशीनवर बावीसशे कागद निघाले होते. मशीनची किंमत आणि मेकॅनिकचे एकवीसशे धरले तर एक झेरॉक्स साधारण अठरा रुपयांना पडली. आणि त्याहून वाईट म्हणजे आमच्या कोषाध्यक्ष ताई दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. ‘हिनं कमिशन खाल्लं असेल’ असं कुणीतरी पाणवठ्यावर बोललं होतं. ठरावावर सह्या सगळ्यांच्या होत्या, मशीन बघायला जाताना आम्ही पाच जणी होतो, पण बोल एकटीला लागला. आजही ते आठवलं की आम्हाला लाज वाटते. त्यामुळं मशीन निवडणं ही नुसती खरेदीची गोष्ट आहे असं आम्ही मानत नाही.

आता थोडं मशीनच्या पोटात डोकावू. ते कसं चालतं हे कळलं की दुकानदाराच्या अर्ध्या गप्पा आपोआप कळतात.

प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवरून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ धरला तर कपटे उडून चिकटतात. लहानपणी सगळ्यांनी केलंय. झेरॉक्सचं गुपित तेच. आत एक गुळगुळीत रोळ असतो, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्यावर विजेचा तसाच चिकटा भार असतो. मूळ कागदावर उजेड टाकला की पांढऱ्या जागेवरून उजेड परततो आणि ड्रमवर पडतो. जिथं उजेड पडला तिथला भार निघून जातो, अक्षरांच्या जागी मात्र राहतो. मग काळी पूड टाकतात, ती फक्त अक्षरांच्या जागी चिकटते. ती पूड कागदावर उतरवायची आणि तापलेल्या रोळाखालून कागद काढायचा. पूड वितळून कागदात बसते. म्हणून झेरॉक्स गरम-गरम बाहेर येते. ही पूड म्हणजे टोनर. ती शाई नव्हे, प्लॅस्टिकचीच बारीक पूड असते. आताच्या नव्या मशीनमध्ये उजेडाचं काम लेझरचा किरण करतो, बाकी रीत तीच.

हे शोधलं अमेरिकेतल्या चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं. पेटंटच्या कागदांच्या नकला पुन्हापुन्हा करून घ्याव्या लागायच्या त्याला तो कंटाळला होता. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कमधल्या ॲस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत, गंधक लावलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासून, त्यानं पहिली नक्कल काढली. तिच्यावर तारीख आणि ॲस्टोरिया एवढंच लिहिलेलं होतं. पुढं वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला नकार दिला. ऑफिसात ठेवता येईल असं चांगलं मशीन बाजारात यायला १९५९ साल उजाडलं. ते जवळजवळ तीनशे किलोचं होतं, आणि कधीकधी आत कागद पेटायचा म्हणून सोबत आग विझवायचं नळकांडंही यायचं. आमचं अडतीस हजारांचं निदान पेटलं तरी नाही! झेरॉक्स हे त्या कंपनीचं नाव, पण आपल्याकडं नकलेलाच झेरॉक्स म्हणतात, तसंच आम्हीही म्हणतोय.

यातून आपल्या कामाच्या गोष्टी निघतात. कागद तापवावा लागतो, म्हणून टोनरचं मशीन वीज खातं. ड्रम नाजूक असतो, त्याच्यावर ओरखडा उठला की प्रत्येक कागदावर त्याच जागी रेघ येते, कितीही पुसा. पण काळा ठिपका येत असेल तर आधी काच बघा. बहुतेक वेळा काचेवर कुणाचं तरी हळद लागलेलं बोट असतं. आणि पूड विजेच्या भारानं चिकटते, म्हणून दमट कागदावर ती नीट बसत नाही, छपाई फिकी येते, कागद अडकतो. आमच्या पहिल्या मशीनला पावसाळा बघायची वेळच आली नाही, ती गोष्ट वेगळी.

दुसरी जात शाईची. तिच्यात तापवणं नाही. बारीक भोकांतून शाईचे थेंब कागदावर पडतात. पूर्वी या मशीनची शाई फार महाग असायची, छोटी डबी चार दिवसांत संपायची. आता टाकीवाली मशीनं आलीत. बाटलीतून शाई टाकीत ओतायची, बाहेरून दिसते किती उरली ती. झेरॉक्स, स्कॅन आणि प्रिंट अशी तिन्ही कामं एकाच मशीनमध्ये होतात, दुकानदार त्याला थ्री-इन-वन म्हणतात. लेझरमध्येही थ्री-इन-वन मिळतं. आपल्या ऑफिसला हेच घ्यावं. नुसती झेरॉक्स काढणारं घेऊ नये, कारण आता अर्धी कामं मोबाईलवर आलेला कागद छापायची किंवा कागद स्कॅन करून पाठवायची असतात.

मग यातलं कोणतं? थांबा. दुकानात जायच्या आधी घरचा अभ्यास आहे.

आम्ही दुसऱ्यांदा ही चूक केली नाही. खिळ्याला एक वही बांधली. कुणीही बाजारगावातून झेरॉक्स करून आली की किती कागद, कशाचे, हे त्या वहीत लिहायचं. महिनाभर लिहिलं. आमचा अंदाज होता तीन हजार कागदांचा. निघाले सहाशे चाळीस. त्यातले पाचशेच्या वर आधार, पासबुक, रेशनकार्ड असले एकेरी काळे कागद. रंगीत फक्त अकरा, तेही फोटोसाठी. मोठ्या आकाराचे सात. सहाशे चाळीस कागदांसाठी आम्ही दुकानातलं मशीन आणून ठेवलं होतं! चार माणसांच्या भाकरीसाठी लग्नाच्या पंगतीचं पातेलं चुलीवर चढवावं तसं. एक महिना मोजल्याशिवाय मशीन बघायलाही जाऊ नका, आणि तो महिना मार्च किंवा दिवाळीचा नको, साधा हवा.

आता आमच्या आकड्यांवर हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या. किमती आम्ही धरलेल्या आहेत, तुम्ही त्या जागी तुमच्या बाजारातल्या घाला.

तीन वर्षं मशीन चालेल असं धरलं, तर महिन्याला सहाशे चाळीस प्रमाणे तेवीस हजार चाळीस कागद होतात. समजा लेझर मशीन साडेसोळा हजारांचं. एका कागदावर मशीनचा बोजा बहात्तर पैसे. पाचशे कागदांचं रिम दोनशे पंच्याहत्तरचं, म्हणजे कागद पंचावन्न पैशांना. आता टोनर. समजा कंपनीची टोनरची डबी छत्तीसशेची, आणि खोक्यावर लिहिलंय पंधराशे कागद. म्हणजे एका कागदाला दोन रुपये चाळीस पैसे. पण इथं एक मेख आहे. खोक्यावरचा आकडा धरताना पानाचा शंभरातला पाचच भाग काळा असेल असं मानलेलं असतं, म्हणजे मोकळं-मोकळं लिहिलेलं पत्र. आपलं आधारकार्ड तसं नाही, त्यात फोटो, त्यात चौकोनी कोड. म्हणून आम्ही टोनर दुप्पट धरतो. झाले चार रुपये ऐंशी पैसे. सगळं मिळून सहा रुपये सात पैसे. गावात झेरॉक्सचा भाव दोन रुपये. प्रत्येक कागदाला चार रुपये तोटा, आणि आपण म्हणणार मशीन स्वस्तात मिळालं.

त्याच डबीत बाहेरून पूड भरून घेतली तर? समजा भरायचे साडेतीनशे. दुप्पट धरूनही सत्तेचाळीस पैसे होतात. मशीन आणि कागद मिळवून एक रुपया चौऱ्याहत्तर पैसे. जमतं. पण वॉरंटीत बाहेरची पूड चालते का ते लेखी विचारा, आणि तीन-चार वेळा भरल्यावर डबीतला ड्रम झिजून छपाई मळकट येते, तेव्हा नवी डबी घ्यावीच लागते. काही मशीनमध्ये ड्रम वेगळा असतो, टोनर वेगळा. मग दोघांची किंमत विचारायची, नाहीतर वर्षभरानं ‘ड्रम बदला’ असा दिवा लागतो आणि आपण कपाळाला हात लावतो. बाटलीतून टोनर ओतायची लेझर मशीनंही आता निघालीत, तुमच्या तालुक्यात ती दुरुस्त करणारा असेल तर जरूर बघा.

टाकीवालं शाईचं मशीन आम्ही साडेसतरा हजारांचं धरलं. बोजा शहात्तर पैसे. शाईची बाटली सातशेची, सहा हजार कागदांची, म्हणजे जेमतेम बारा पैसे, दुप्पट धरले तर चोवीस. कागद पंचावन्न. एकूण एक रुपया पंचावन्न. दोन रुपये घेतले तर पंचेचाळीस पैसे उरतात, महिन्याचे दोनशे अठ्ठ्याऐंशी. ते आम्ही दुरुस्तीच्या डब्यात टाकतो. त्याला नफा म्हणत नाही, कारण ऑपरेटर ताईंची मजुरी यात धरलेलीच नाही.

नव्या मशीनसोबत जी टोनरची डबी येते ती बहुधा अर्धवट भरलेली असते, हेही ध्यानात ठेवा. तिच्या जोरावर हिशेब करू नका.

पैशाइतकीच महत्त्वाची वीज. लेझर मशीन तापताना काही क्षण हजार वॅटच्या आसपासही ओढतं, म्हणजे छोट्या इस्त्रीसारखं. घरगुती इन्व्हर्टर त्याला पुरत नाही, आमचं तेच झालं. शाईचं टाकीवालं मशीन चालताना दहा-वीस वॅट घेतं, एलईडी बल्बाएवढं. आमच्याकडं आठवड्यातले तीन-चार दिवस दुपारची लाईट नसते, आणि बाया येतात त्या दुपारीच, शेतातलं काम उरकून. आमचा निर्णय खरं म्हणजे इथंच झाला. तुमच्याकडं लाईट भरवशाची असेल तर ही अडचण तुम्हाला नाही. मशीनच्या मागं पत्र्याची नाहीतर कागदाची चिठ्ठी असते, तिच्यावर वॅट नाहीतर अँपिअर लिहिलेले असतात. मोबाईलवर फोटो काढून गावातल्या वायरमनला दाखवा.

मग सगळ्यांनी शाईचंच घ्यावं का? नाही. त्याच्या दोन खोडी आहेत. एक, ते रोज चालावं लागतं. पंधरा-वीस दिवस बंद राहिलं तर शाई भोकांत वाळते, आणि ती साफ करताना पुष्कळ शाई वाया जाते. ज्या संघाचं ऑफिस महिन्यातून दोनदाच उघडतं त्यांनी लेझरच घ्यावं, त्याला कितीही दिवस झाकून ठेवा. दुसरी खोड पाण्याची. कित्येक शाया पाण्यानं पसरतात. बाई पावसात भिजत येते, कागद पदराखाली असतो, आणि बँकेत पोचेपर्यंत आधारचा नंबर निळाकाळा ओघळलेला. काही मशीनमध्ये काळी शाई वेगळ्या जातीची असते, ती वाळल्यावर पसरत नाही. फक्त काळ्या शाईची टाकीवाली मशीनं मिळतात त्यांतल्या काहींमध्ये ती असते. हे ओळखायला आम्ही दुकानात काय केलं सांगतो. झेरॉक्स काढली, पाच मिनिटं थांबलो, बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून अक्षरांवर फिरवलं. दुकानदार बघत राहिला. तीन मशीनपैकी दोन नापास झाली.

दुकानात जाताना पिशवीत आणखी काय न्यायचं? तुमचं सगळ्यात खराब रेशनकार्ड, फिकं छापलेलं पासबुक, अंगठ्याचा ठसा असलेला ठराव, निळ्या पेनानं लिहिलेली वही, आणि एक स्टॅम्पपेपर. दुकानातल्या नमुन्याचा कागद कुठल्याही मशीनवर झकासच निघतो. आपला कागद घालून बघा. स्टॅम्पपेपर यासाठी, की साधा ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब असतो, लीगल ३५६. छोट्या मशीनची काच बहुधा ए-फोरपुरतीच असते, मग स्टॅम्पपेपरची खालची ओळ कापली जाते, आणि सह्या नेमक्या तिथंच असतात. काही मशीनला वरून कागद ओढून घेणारा ट्रे असतो, त्यातून लांब कागद जातो. आम्ही तसलं घेतलं. उघडी वही एकदम मावेल असं ए-थ्रीचं मशीन फार महाग पडतं. महिन्याच्या सात मोठ्या कागदांसाठी ते परवडत नाही, आम्ही वहीची दोन पानं वेगवेगळी काढतो.

आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर काढायचं बटण आहे का, पाठपोट छपाई आपोआप होते का, मोबाईलवरून वायफायनं कागद छापता येतो का, हे तिघींनी स्वतःच्या हातानं करून बघायचं. दुकानातला मुलगा झटझट करून दाखवतो ते बघून समाधान मानू नका. अडकलेला कागद काढायचा कसा, शाई ओतायची कशी, हेही तिथंच शिका. आमच्यातल्या एक ताई चौथी शिकलेल्या आहेत, चित्रं बघून त्यांनीच ते सगळ्यात आधी आत्मसात केलं.

वॉरंटीबद्दल एकच प्रश्न विचारा, पण नीट विचारा. ‘आमचा पिनकोड हा आहे, मेकॅनिक इथपर्यंत येणार का, की मशीन आम्ही घेऊन यायचं?’ नुसतं ‘सर्व्हिस आहे हो ताई’ हे उत्तर धरू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला तिथूनच फोन लावून खात्री करा. वॉरंटीला वर्षांची मर्यादा असते तशी कित्येकदा कागदांचीही असते, दोन्हींतलं जे आधी होईल ते. बिल जीएसटीचं पक्कं, संघाच्या नावावर, मशीनचा सिरीयल नंबर लिहिलेलं. अध्यक्षांच्या नावावर नको आणि भाच्याच्या दुकानातून कच्च्या पावतीवर तर मुळीच नको.

जुनं मशीन घेऊच नये का, असं बऱ्याच जणी विचारतात. आम्ही पोळलेल्या आहोत म्हणून नाही म्हणणं सोपं आहे. पण शेजारच्या एका संघाचं ऑफिस हायस्कूलला लागून आहे. त्यांचे महिन्याला तीन-चार हजार कागद होतात, प्रश्नपत्रिका, नोट्स. त्यांनी जुनंच मोठं मशीन घेतलं आणि ते नीट चालतंय. फरक एवढाच, की मेकॅनिक त्यांच्याच गावातला आहे, आणि त्यांनी पैसे द्यायच्या आधी मीटरचं पान छापून घेतलं. मोटारसायकलला किलोमीटर असतात तसं मशीन आतापर्यंत किती कागद चाललं ते त्या पानावर येतं. मग सलग पन्नास कागद काढून बघितले. गार मशीनवर दोन कागद सगळीच चांगली काढतात, खरी खोड तापल्यावर कळते. ड्रम कधी बदललाय हे बिलावर लिहून घेतलं. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

खरेदीची रीत आम्ही बदलली. तीन दुकानांची दरपत्रकं घेतली, तीही त्याच त्या मशीनची, तीन वेगवेगळ्या मशीनची नव्हे. ती बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली. वहीतले आकडे आणि वरचा पैशांचा हिशेब फळ्यावर मांडला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही दोन रुपयांत किती उरतात ते बोटांवर मोजून बघितलं. मग ठराव झाला, चेक दुकानाच्या नावानं निघाला, मशीन डेडस्टॉक रजिस्टरला चढलं. कोषाध्यक्ष ताईंना आम्ही घरी जाऊन बोलावून आणलं होतं. दरपत्रकं त्यांनीच वाचली.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा ते मशीन खरं कसाला लागलं. ऑफिसपुढं पहाटेपासून रांग. त्या एका महिन्यात एकोणीसशे कागद निघाले. कागद दोनदा अडकला, तो ऑपरेटर ताईंनी काढला. बाजारगावात तेव्हा एका झेरॉक्सचे पाच-पाच रुपये घेत होते असं बाया सांगायच्या. आम्ही दोनच घेतले. नात्यातल्यांना फुकट हा प्रकार मात्र पहिल्या दिवसापासून बंद ठेवला, अध्यक्षांच्या जावेलासुद्धा. रोज संध्याकाळी मशीनचा मीटर आणि पैशाचा डबा जुळवायचा, जुळला नाही तर त्याच दिवशी बोलायचं.

त्या गर्दीत एक गोष्ट आमच्या लक्षात आली. खराब निघालेल्या आधारच्या प्रती कोपऱ्यातल्या खोक्यात साठल्या होत्या, आणि एक पोरगं त्यांची विमानं करत होतं. बायांचे नंबर, जन्मतारखा, फोटो सगळं त्यावर. तेव्हापासून खराब प्रत त्या बाईच्या हातात द्यायची, नाहीतर तिच्यासमोर फाडायची. तिच्या आधारचा फोटो ऑपरेटरच्या मोबाईलवर आला असेल तर छापून झाल्यावर तिच्यासमोर पुसायचा. प्रत कुणाला द्यायची असेल तर तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि तारीख. आणि जिथं पूर्ण नंबर लागत नाही तिथं मास्क केलेलं आधार द्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

मशीन सांभाळायचं म्हणाल तर फार काही नाही. कागदाचं रिम पावसाळ्यात ट्रंकेत, गुंडाळून. काचेवर कागद ठेवायच्या आधी टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढायच्या, ओरखडा उठला की तो कायमचा. जवळ उदबत्ती लावू नका. रात्री झाकून ठेवा, पालीला मशीनची ऊब फार आवडते. लेझर असेल आणि टोनर सांडला तर फुंकर मारू नका, ती पूड नाकात जाते. ओल्या फडक्यानं टिपा, आणि पाणी गारच घ्या, गरम पाण्यानं पूड चिकटून बसते. कपड्याला लागली तर आधी झटका, मग गार पाण्यात टाका.

आमचं ते जुनं मशीन वर्षभर कोपऱ्यात झाकून होतं, त्याच्यावर हजेरीचं रजिस्टर ठेवायचो. शेवटी मेकॅनिकलाच सुट्या भागांसाठी विकलं, बावीसशे आले. दुरुस्तीच्या डब्यात टाकले आणि त्याच दिवशी शाईची एक बाटली जास्तीची आणून ठेवली. खिळ्याची ती वही अजून तिथंच आहे. कुणाला बघायची असेल तर बुधवारी ऑफिस उघडं असतं, दुपारी दोननंतर या.